रकान्यातलं आरेगुआ

रविवारी सकाळी दोन्या ओब्दुलियाचा फोन आला तेव्हा फिदेलिना परसात तेरेरेचा गार काढा पीत बसली होती. दोन्या ओब्दुलिया आरोग्य कचेरीतली सगळ्यात जुनी कारकून. कशी आहेस वगैरे विचारायच्या फंदात ती पडली नाही.

"मुली, अर्ध्या सान लोरेन्सोच्या किडन्या तू आरेगुआला नेऊन ठेवल्यास."

डायलिसिसच्या रुग्णांचा संगणकावरचा तक्ता फिदेलिनानेच बांधला होता. एका ओळीत एक रुग्ण, त्याचा फोन, आणि त्याचं केंद्र निवडायची ड्रॉपडाउन यादी. उद्यापासून नव्या गाड्या या तक्त्यावरूनच पहाटे रुग्णांना न्यायला निघणार होत्या. आठवडाभर कारकुनांनी बसून फोन नंबर दुरुस्त केले होते. बदलासाठी ओळ उघडली की रुग्णाचं जुनं केंद्र जागच्या जागी दिसायला हवं होतं. दिसत होतं यादीतलं पहिलं नाव, आरेगुआ. तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. नंबरासोबत आरेगुआही जतन झालं, एकूण त्रेसष्ट ओळींत. आरेगुआच्या केंद्रात खुर्च्या होत्या आठ.

चूक तिला दहा मिनिटांत सापडली. ओळ उघडताना तक्ता आधी रुग्णाचं केंद्र निवडत होता आणि मग केंद्रांची यादी भरत होता; यादी भरली की निवड पुसली जायची. प्रोग्रामच्या दोन ओळींची अदलाबदल, बस. पण गेलेली नावं त्याने परत येणार नव्हती. तक्त्याची रोज प्रत ठेवायचं काम तिनेच पुढच्या महिन्यावर ढकललं होतं. रुग्णांचे अर्ज गोदामात होते, आणि गोदामाची किल्ली ज्याच्याकडे, तो मासे धरायला गेला होता.

ती एकेकाला फोन करत सुटली. नंबर सगळे बरोबर होते. दुरुस्त झाले होते म्हणूनच तर ओळी बिघडल्या होत्या. कोणी निखाऱ्यावरचं मांस उलटता उलटता केंद्र सांगितलं. एका बाईला वाटलं, आई गेल्याचाच फोन. ती रडली, मग हसली, मग तिने फिदेलिनाच्या सात पिढ्या काढल्या. फिदेलिनाने ते सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी केंद्राचं नाव विचारलं.

संध्याकाळी पाचपर्यंत बासष्ट ओळी झाल्या. उरले एकटे दॉन तोरिबियो. त्यांचा नंबर कोपऱ्यावरच्या दुकानाचा होता आणि दुकान बंद होतं. त्यांचं शेवटचं डायलिसिस शुक्रवारी झालेलं. सोमवार चुकला तर बुधवारपर्यंत काय होईल, हे तिने कोणालाच विचारलं नाही. बस पकडून ती त्यांच्या गावी, कापियाताला गेली.

दॉन तोरिबियो दारात खुर्ची टाकून बसले होते. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. केंद्राचं नाव त्यांना सांगता येईना. इतके दिवस पुतण्या मोटरसायकलवरून न्यायचा, आणि तो पोरगा अशी चालवायचा की ते सगळा रस्ता डोळे मिटून प्रार्थना करायचे. पुतण्या कालच अर्जेंटिनाला गेलेला, फोन बदललेला. केंद्राचा कागदही त्याच्याच पाकिटात राहिलेला. त्यांना ठाऊक होती फक्त सुई टोचणारी ब्लासिदा. तिचा हात हलका, एवढंच.

"उद्या पहाटे मी येते," फिदेलिना म्हणाली. "आधी लुकेला जाऊ. तिथे ब्लासिदा नसली तर इताउगुआला."

"केंद्रं किती आहेत गं?"

"अकरा."

ते आपल्या पायांकडे बघत राहिले. "पोरी, तेवढं फिरेपर्यंत हे पाणी छातीत येईल माझ्या."

तिथेच उंबऱ्यावर बसून तिने दोन्या ओब्दुलियाला फोन लावला. ब्लासिदा नावाची नर्स कोणत्या केंद्रात आहे ते शोधायचंय, अकराही केंद्रांच्या मुख्य नर्सांचे घरचे नंबर हवेत, म्हणाली, आत्ता. दोन्या ओब्दुलिया याही वेळी टोमणा मारेल अशी तिची खात्री होती. पलीकडे खुर्ची सरकली, वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"सहा तू कर, पाच मी करते," दोन्या ओब्दुलिया म्हणाली. "नाव काय म्हणालीस त्या बाईचं?"