टर्बो कशाने गेला

अर्धांगवायूने डॉमिंगो मिस्त्रीचा उजवा हात गेला, तेव्हा त्याच्या मुलीने, रॉविनाने, शिवणकाम सोडून कट्टा गावातलं त्याचं गॅरेज चालवायला घेतलं. पहिलं वर्षभर पंक्चरपलीकडचं काम तिला कुणी देत नसे.

एका सकाळी मासळीचा ट्रक घेऊन गनीचाचा आले. चढाला गाडी दम धरत नव्हती आणि निळा धूर सोडत होती. इंजिनात जोराने हवा भरणारा टर्बो, चार महिन्यांतला दुसरा, गेला होता. तिसरा त्यांनी सोबतच आणला होता.

"ह्यो बसवन दी गो," ते म्हणाले.

"बसवतंय चाचा. पण आधीचे दोन कशान गेले, ता बघूक होया."

रॉविनाने जुना टर्बो उतरवला. मग त्याला ऑइल पुरवणारी बारीक नळी काढून तिच्यात तार घातली. तार मध्येच अडली. आत काजळी दगडासारखी बसली होती. मागच्या वेळी टर्बो नवा बसला होता, नळी मात्र जुनीच राहिली होती. ऑइलच मिळत नसल्याने टर्बो जळत होते.

तिने नवी नळी मागवली, ऑइल आणि फिल्टर बदलला. नवा टर्बो कोरडा फिरू नये म्हणून त्यात हाताने ऑइल ओतलं, डिझेल बंद ठेवून इंजिन नुसतं फिरवलं आणि टर्बोतून ऑइल परत येताना दिसल्यावरच गाडी चालू केली. धूर नव्हता.

चाचा चढावर फेरी मारून हसतच परतले. "उद्या भावाची गाडी धाडतंय," म्हणाले.

ते गेल्यावर स्टुलावर बसलेला डॉमिंगो हळूच बोलला, "माका ती नळी सुचली नसती गो."