मशीन कोण धरणार?

आमच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत, ते गालिच्यातच असतात. ब्रश फिरला की धूळ, हेअरपिना, शेंगांची टरफलं आणि घरातली जुनी भांडणं सगळं एकदमच वर येतं! धाराशिवमध्ये गालिचे आणि सोफे साफ करून द्यायचं काम मी सुरू केलं तेव्हा आमचे मेहुणे म्हणाले होते, "आपल्याकडं गालिचे हायेत कुणाकडं?" आहेत की! वकिलांकडे आहेत, डॉक्टरांकडे आहेत, मंगल कार्यालयांत तर ढिगानं आहेत. आणि आणल्या दिवसापासून कुणीही ते धुतलेले नाहीत. परवा चहाला मित्र जमले होते. एक किस्सा सांगितला, त्यातून दुसरा निघाला, दुसऱ्यातून तिसरा, आणि चहा गार झाला.

आमची टीम तिघांची. मी मालक, म्हणजे फोन घेणारा. सास्तूरचे बसप्पाकाका, वय साठ, उंची सहा फूट, मशीन त्यांच्या हातात. आणि भूमच्या मंगलताई. त्या कडाकोपरे हातब्रशनं घासायच्या, फडकी पिळायच्या, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे माझ्या चुका पकडायच्या.

* * *

मशीन आली तो दिवस मी विसरणार नाही. खाली मोठा गोल ब्रश, वर मोटर, मागं लांब हँडल. विकणाऱ्यानं फोनवर सांगितलं होतं, "हँडल उचललं की उजवीकडं, दाबलं की डावीकडं. सोप्पं आहे!"

पहिलं काम एका रिटायर्ड साहेबांच्या बंगल्यात. मी ऐटीत बटन दाबलं. मशीन डावीकडं पळाली. घाबरून मी हँडल आणखी दाबलं, ती आणखी जोरात डावीकडं! टीपॉय गेला, चहाचा ट्रे गेला, आणि मी हँडलला लोंबकळत थेट साहेबांच्या पायाशी.

बसप्पाकाका पुढं आले. "मालक, आवळू नका. आवळलं की बैलबी वढतोय."

त्यांनी हँडल अलगद धरलं आणि सवयीनं कन्नडमध्ये पुटपुटले, "बा, बा." मशीन आली! कोपऱ्यापाशी म्हणाले, "निल्लु." मशीन थांबली! बटन त्यांनी अंगठ्यानं सोडलं होतं, पण ते साहेबांना दिसलं नाही.

साहेब चष्मा पुसत मला म्हणाले, "तुम्ही कन्नड शिकून घ्या."

* * *

एका वकिलांचा गालिचा आम्ही गोदामावर आणून धुतला. आणताना मातकट होता. धुतल्यावर खाली लालभडक रंग, त्यात निळी फुलं! आम्हीच हरखून गेलो. घरी नेऊन अंथरला तर वकिलीणबाई दारातच अडून बसल्या.

"ह्यो आमचा न्हाय! कुणाचातरी बदलून आणलाव."

मी शपथा घेतल्या. बसप्पाकाकांनी घेतल्या. शेवटी वकिलांचे वडील काठी टेकत आले आणि एका कोपऱ्यातलं जळकं भोक दाखवून म्हणाले, "आपलाच हाय. ही माझी उदबत्ती."

बाईंनी वाकून भोकात बोट घालून बघितलं. मग चहूकडं नजर फिरवून म्हणाल्या, "आता भित्ती मळक्या दिसायल्यात. त्या कोण धुणार?"

* * *

एक दिवस मंगलताई मला म्हणाल्या, "मालक, मला मशीन शिकवा."

मी हसलो. हे हसणं मला अजून टोचतं. मशीन त्यांच्यापेक्षा जड होती, हे खरं. पण त्यांचं गणित पक्कं होतं. मिस्टरांची इथली नोकरी संपत आली होती, दिवाळीनंतर सगळ्यांनी भूमला सासूबाईंकडे परत जायचं ठरलं होतं. "तिथं जाऊन निस्ती बसणार न्हाय. भूममदी ह्ये काम करणारं कुणीच न्हाय. मीच सुरू करते. पण मशीन आली पायजे."

सासूबाईंचं मत मंगलताईंनीच नक्कल करून दाखवलं होतं. "परक्याच्या घरची पायपुसणी घासायला सून न्हाय आणली मी!"

बसप्पाकाका म्हणाले, "शिकू दे की, मालक." म्हटलं, शिका.

* * *

रोज दुपारच्या सुट्टीत गोदामातल्या जुन्या सतरंजीवर शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी मशीननं त्यांना गोल फिरवून पाण्याच्या बादलीत बसवलं. दुसऱ्या दिवशी बादली आम्ही लांब ठेवली, तर त्या भिंतीवर गेल्या. काका ओरडायचे, "सैल धर, पोरी, सैल!" त्या ओरडायच्या, "सैलच धरलीय, काका!" खांदे दुखून दुखून त्यांना रात्री कूस बदलता येईना, पण दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पदर खोचून हजर.

तीन आठवडे हे चाललं. मी मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता, बाईमाणसाचं काम नाही.

मग एकदा मशीन पुसताना मंगलताईंना हँडलच्या खालच्या बाजूला एक खटका सापडला. तो दाबला, तर हँडल सर्रकन वीतभर खाली आलं! हँडल कमरेजवळ धरायचं असतं. आम्ही ते पहिल्या दिवशी सहा फुटी काकांच्या मापाला लावलं होतं आणि ते खाली करता येतं हेच विसरून गेलो होतो. इतके दिवस ही बाई छातीजवळचं हँडल घेऊन झुंजत होती!

त्याच दुपारी त्यांनी अख्खी सतरंजी धुतली, सरळ पट्ट्यांत. काका टाळ्या वाजवत होते. मी मान खाली घालून उभा होतो.

"जाऊ द्या, मालक," त्या म्हणाल्या. "काकाच्या मापाची पॅन्ट तुमालाबी झाली नसती."

* * *

आता माझी गंमत. ब्रश दोन प्रकारचे असतात. राठ ब्रश फरशीला, मऊ ब्रश गालिच्याला. एका डॉक्टरांकडे घाईघाईत मी राठ ब्रश लावला आणि काकांना म्हटलं, चालवा. खाली लोकरी गालिचा! दोन सेकंदांत लोकरीचे पुंजके उडायला लागले. मंगलताईंनी पळत जाऊन प्लगच उपटला.

"मालक! गालिचा धुवायलाव का मेंढी भादरायलाव?"

डॉक्टर आतून आले. मी कपाळावरचा घाम पुसत होतो. मंगलताई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, कोपऱ्यात जरा टक्कल पडलंय. आमचीच चूक हाय. कोच सरकवून झाकू का दुरुस्त करून आणू?"

डॉक्टरांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "राहू द्या. टकलाचं मी काही मनावर घेत नाही."

* * *

जळकोटच्या मंगल कार्यालयाचं काम आलं, तेव्हा काका नातवाच्या जावळाला गेले होते. मंगलताईंचं मशीनवरचं पहिलं मोठं काम. स्टेजपासून दारापर्यंतचा लांबलचक लाल गालिचा त्यांनी सकाळीच धुवून काढला. आता फक्त व्हॅक्यूमनं पाणी ओढायचं राहिलं, आणि लाईट गेली! जनरेटर बिघडलेला. संध्याकाळी लग्न. मॅनेजर डोक्याला हात लावून पायरीवर बसले.

"ट्रॅक्टर हाय का?" मंगलताईंनी विचारलं.

वाढपी, आचारी, मांडववाले, सगळ्यांनी मिळून तो गालिचा ट्रॉलीवर आडव्या बांधलेल्या बांबूंवर टाकला. ट्रॅक्टर हायवेच्या कडेनं हळूहळू निघाला, वर ऊन, समोरून वारा. जळकोट ते पुढचा धाबा, धाबा ते जळकोट, चार चकरा! पहिल्या चकरेला पोरं मागं पळाली. दुसरीला दोन गाड्यांनी अदबीनं वाट दिली. तिसरीला एका आजोबांनी हात करून ट्रॅक्टर थांबवला.

"कोण येणार हाय म्हणायचं? मंत्री?"

"न्हाय, बाबा," मंगलताई ट्रॉलीतून म्हणाल्या, "नवरदेव. पण गालिचा वाळल्यावर!"

लग्न वेळेवर लागलं. परतताना त्या रस्ताभर बोटांवर कसलासा हिशेब करत होत्या. धाराशिव आल्यावर एवढंच बोलल्या, "मालक, आता भूमला जायला भ्या वाटत न्हाय." मला मात्र वाईट वाटलं. अशी माणसं पुन्हा मिळत नाहीत, आणि अडवून ठेवावं अशीही नसतात.

* * *

आमची नवी मशीन आली होती, म्हणून जुनी मंगलताईंना दिली. सासूबाईंनी एकच अट घातली. "एक काम माझ्यादेखत करून दाव. जमलं तर जमलं, न्हाय तर मशीन आल्या वाटेनं परत."

ते काम म्हणजे भूमच्या एका शिक्षकांच्या घरचा गालिचा. मी आणि काका एसटीनं गेलो. गेलो ते पाहुणे म्हणून. सासूबाई दाराशी पाटावर बसल्या होत्या, पदर घट्ट आवळून, तोंडावरची रेषसुद्धा हलत नव्हती.

एकटीनं मशीन चालवण्यात खरी अडचण असते वायरीची. ती पायात येते, ब्रशखाली गेली तर गुंडाळली जाते आणि कामाचा विचका होतो. ती खांद्यावर घेऊन मागं मागं चालायला दुसरं माणूस लागतं. ते काम मंगलताईंचे मिस्टर करणार होते. ते वेळेवर पोचलेच नाहीत. काका उठायला लागले, तर मंगलताई सासूबाईंकडं डोळ्यानं खूण करून म्हणाल्या, "बसा, काका. तुमी धरल्यावर आत्या म्हनतील, गड्यांनी केलं."

वायर स्वतःच्याच खांद्यावर टाकून त्यांनी मशीन सुरू केली. हँडल कमरेशी, हात सैल, एक पट्टा, दुसरा पट्टा. मळक्या गालिच्यातून हिरवा रंग वर यायला लागला. शिक्षकांच्या बायकोच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. शेजारच्या दोघी-तिघी दारात गोळा झाल्या. आणि तिसऱ्या पट्ट्याला वायरीचा एक वेढा सुटून ब्रशकडं सरकायला लागला. मंगलताईंची पाठ तिकडं. मी अर्धवट उठलो.

सासूबाई पाटावरून उठल्या. पदर खोचला. वायर उचलली, तिचे वेढे करून खांद्यावर टाकले आणि सुनेच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

मंगलताईंनी वळून बघितलं.

"बघतीस काय? फिरव," सासूबाई म्हणाल्या.

खोली पूर्ण होईपर्यंत वायर सासूबाईंच्याच खांद्यावर होती. एक पुढं, एक मागं, कोपरा आला की दोघी एकदमच वळायच्या. गालिचा असा निघाला की शिक्षक चप्पल हातात घेऊन दाराबाहेरच उभे राहिले.

मशीन बंद झाली. शेजारच्या बाईंनी मंगलताईंना विचारलं, "आमच्याकडं कधी येताव?"

मंगलताईंनी सासूबाईंकडं बघितलं. सासूबाई खांद्यावरची वायर नीट गुंडाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"बाजारच्या दिवशी न्हाय जमायचं. दुसऱ्या दिवशी येतो आमी दोघी."