बर्फाच्या डब्यातील वारेचे आवरण

सेवेतील पुष्कळ प्रकरणे विस्मरणात गेली. घाटकोपरच्या प्रसूतिगृहातील ती दुपार मात्र गेली नाही. स्वेच्छानिवृत्तीनंतर मी सध्या अर्जलेखन करतो, तरी सदर हकीकतीइतका मोलाचा मजकूर माझ्या लेखणीखाली आलेला नाही.

मी ठाणे अंमलदार असताना मूळच्या मालवणकडील एक वृद्धा पोलीस ठाण्यात आली. सुनेचे सिझर झाले होते. रीतीप्रमाणे पुरण्यासाठी मागून घेतलेल्या वारेवरचे, म्हणजे बाळामागून पडणाऱ्या अपरेवरचे, पातळ आवरण कोणीतरी सोलून नेले, अशी तिची तक्रार होती. बाई गावी सुईणपण करीत असे, म्हणूनच तिच्या ध्यानात आले. करणीचा संशय तिने उघड बोलून दाखविला.

प्रसूतिगृहाच्या दारातच प्रयोगशाळेचा एक कर्मचारी बर्फाचा डबा घेऊन रिक्षात बसताना सापडला. डबा मुद्देमाल म्हणून सील करण्याची मी तयारी केली.

"आत काय आहे?"

"तेच आवरण, साहेब. तपासून, शुद्ध करून भाजलेल्या कातडीवर, न भरणाऱ्या जखमेवर लावतात. मला हवं तर बसवून ठेवा, डबा तेवढा जाऊ द्या. बर्फ वितळला की सगळं फुकट."

स्वतःच्या सुटकेविषयी तो चकार शब्द बोलला नाही. अशी माणसे चोर नसतात, हे माझे अनुभवसिद्ध मत आहे. मी तडक वॉर्डात सुनेचा जबाब घेतला. संमतिपत्रावर तिचीच सही होती.

"मरोळला कारखान्यात माझ्या बाजूची बाई भाजली होती," ती म्हणाली. "हातावर असंच आवरण लावलं तेव्हा म्हणाली, आता वारा झोंबत नाही गं. तेव्हाच ठरवलं. पण आईंना सांगायचं धाडस नाही झालं."

डबा मी त्याच क्षणी आमच्या गाडीतून रवाना केला. पंचनामा थांबू शकतो, बर्फ थांबत नाही.

माझ्यामागोमाग वॉर्डात आलेली वृद्धा खाटेच्या कडेला बसली. मग सुनेला म्हणाली, "माका सांगूक काय झाला होता गो? इतकी बाळंतपणा केलंय, दरवेळी ता मातयेत पुरलंय. जळलेल्याक लागता, ह्या कोणी सांगूक नाय."

"रागावला नाही ना?"

"रागावलंय. पण तुझ्यार नाय." मग माझ्याकडे वळून, "लिवा सायबानू, तक्रार नाय. संमती माझी पण."

गुन्हा शोधताना चांगुलपणा हाती लागू शकतो, हे मला त्या दोघींनी शिकविले. कायद्यास बाळंतिणीची एकच सही पुरेशी होती. मी शेजारी सासूचाही अंगठा घेतला.