पिवळं न झालेलं पाणी

माझ्या बायकोला पिवळा रंग सहन होत नाही. घरात पिवळा पडदा नको, पिवळी उशी नको, दुकानात पिवळं कापड समोर आलं तर ही मुकाट पुढे सरकते. यात नखरा नाही. दिवसभर तिला तोच रंग बघावा लागतो.

ती औषधं शोधणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. तिथे सगळे तिला थेंबताई म्हणतात, कारण थेंब टाकण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. तळहाताएवढी प्लास्टिकची ताटली असते, तिच्यात शहाण्णव छोटे खळगे. प्रत्येक खळग्यात ती आधी एक एन्झाइम घालते, मग एकेका खळग्यात एकेक नवं रसायन, आणि शेवटी त्या एन्झाइमचं खाद्य. एन्झाइमने खाद्य तोडलं की पाणी पिवळं होतं. रसायनाने त्याला रोखलं तर पाणी नितळ राहतं, आणि नितळ पाणी म्हणजे औषधाची आशा. ते काही रोज दिसत नाही. संध्याकाळी मी विचारायचो, काय आज? ती म्हणायची, पिवळं. पुढे पुढे भाजी करपली तरी पिवळं आणि नळाला पाणी आलं नाही तरी पिवळं, असं आमच्याकडे सुरू झालं.

हेच एन्झाइम तिच्या दादाच्या अंगात मोकाट सुटलं आहे. ते सगळ्यांच्याच शरीरात असतं, पण त्याच्या शरीरात ते गरजेपेक्षा जास्त राबतं आणि स्नायू खात सुटतं. नोकरी आधीची, आजार नंतरचा, आणि मग साहेबांनी नेमकं तेच एन्झाइम हिच्या ताटलीत आणून ठेवलं. लोक याला योग म्हणाले. मला ती क्रूर थट्टा वाटली. दादा घड्याळं दुरुस्त करायचा. आईवडील गेल्यावर त्यानेच हिला वाढवलं, शिकवलं. आधी त्याच्या हातून चिमटा पडू लागला, मग चमचा. मग पाणी पितानाही ठसका लागायला लागला.

डॉक्टर म्हणाले, छाती भूल सोसेल तोवर पोटात नळी बसवून घ्या, म्हणजे गिळता आलं नाही तरी अन्न पोटात जाईल. दादा ऐकेना. माणसाने तोंडाने जेवावं, असं त्याचं म्हणणं. हिने रडून, भांडून, अबोला धरून त्याला तयार केलं आणि ऑपरेशनची तारीख ठरली. त्याच आठवड्यात तिच्या ताटलीत एक खळगा नितळ राहिला.

असं झालं तरी नाचायचं नसतं. काही रसायनं पाण्यात नीट विरघळतच नाहीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्यांच्या गुठळ्या होतात, एन्झाइम त्यांना चिकटून बसतं आणि काम थांबतं. हा औषधाचा गुण नव्हे, नुसता चिकटपणा. म्हणून पुन्हा तेच मिश्रण करून त्यात थेंबभर साबण घालतात. गुठळ्या फुटल्या की एन्झाइम सुटतं आणि पाणी पिवळं होतं. साबणानंतरही नितळ राहिलं, तरच काही हाती लागलं म्हणायचं. तोवर घरी चकार शब्द काढायचा नाही, असा तिथला दंडक. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं होऊ नये म्हणून.

नव्या मुलामुलींना हे शिकवणारी आमची थेंबताईच. पण दुसऱ्या दिवशी तिने साबण घातला नाही. नुसतंच पुन्हा करून पाहिलं. नितळ. परत केलं. नितळ. मला म्हणाली, खात्री करत होते. कसली खात्री! तिला ते पाणी बघायचं होतं, दुसरं काही नाही. त्या बघण्यात होती नव्हती ती रसायनाची चिमूट संपली, साबणाच्या परीक्षेला उरलीच नाही. नवी मागवली, तर यायला कितीतरी आठवडे लागणार होते.

आणि मधल्या काळात तिने दादाला सांगितलं. अजून परीक्षा बाकी आहे, औषध व्हायला वर्षं लागतात, सगळं सांगितलं. त्याने ऐकलं एवढंच, की सापडलं. ऑपरेशनची तारीख त्याने रद्द केली. ही गप्प बसली, ते मला अजून पचलेलं नाही. मी घरी येऊन ओरडलो, तर म्हणाली, "त्याचा चेहरा बघितलास ना?" बघितला होता. म्हणून तर मीही नंतर गप्प बसलो.

नवी पावडर आली. त्या संध्याकाळी मी नेहमीसारखं विचारलं, काय आज? ती पिवळं म्हणाली नाही. हात धुवायला गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला. साहेब तिला म्हणाले होते, असं व्हायचंच, पुढचं रसायन घ्या. साहेबांचं काय चुकलं? त्यांच्यासाठी तो एक खळगा होता. मला मात्र त्या दिवशी सगळ्यांचा राग आला, तिचा सगळ्यांत जास्त.

दादाला घेऊन आम्ही तडक डॉक्टरांकडे गेलो. छातीची ताकद मोजायला त्यांनी त्याला यंत्राच्या नळीत फुंकर मारायला लावली, आकडा बघितला, पुन्हा लावली. म्हणाले, आता भूल देता येणार नाही, उशीर झाला. आशा सुटेना आणि देव भेटेना, अशी गत. दादाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. आम्ही त्याला अजून काही सांगितलं नव्हतं, त्याची सगळी भिस्त त्या नितळ खळग्यावर होती.

घरी आणून त्याला खुर्चीत बसवलं आणि ही त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"दादा, ते औषध नाही. साबण घातला आणि पिवळं झालं."

त्याला आता एकेक शब्द जुळवावा लागतो. आम्ही थांबलो.

"साबणाआधी... नितळ होतं ना?"

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्याने थोडा विचार केला. मग लहानपणी तिचं अडलेलं गणित सोडवून द्यायचा, तशा समजुतीच्या आवाजात म्हणाला, "मग साबण नको ना घालूस."

तिने तोंड उघडलं. अंगातही साबणासारखे पदार्थ असतात, तिथेही गुठळ्या फुटणारच, हे तिला सांगायचं असणार. माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिने ते सगळं गिळलं.

"बरं दादा," ती म्हणाली. "नाही घालणार."

मग ठसका लागू नये म्हणून त्याची मान हातावर धरून ती त्याला चमच्याचमच्याने पाणी पाजू लागली.