खरूज कोणी आणली, यावरून देवळात मारामारी

मंडळींनो, आमच्या दशावतारी कंपनीत आज सकाळी खरीखुरी मारामारी झाली. मी पखवाजवाला, पाल्हाळ लावत नाही.

रात्रभराचं नाटक संपवून सगळे देवळात अंथरुणं टाकत होते. बायकांची कामं करणारा बाबल्या बोटांच्या बेचक्यात खाजवत होता. राक्षस करणाऱ्या भिकाजीनं त्याच्या कानाखाली जाळ काढला.

"तूच ही खरूज आणलीस! चल, नीघ कंपनीतून!"

बाबल्या पडला तर वर लाथ. नाकातून रक्त. भिकाजीनं लाकडी गदा उचलली, तसा मी मधे घुसलो.

मालक म्हणाला, "जांव दे तेका घराक." बाबल्याचं पोट या कामावरच.

मी ओरडलो, "भिकाजी, हात दाखय! झोपेत तुझी नखां चालतत, माका झोप लागणा नाय!"

त्याच्याही बेचक्यात तेच फोड, खाजवून सोललेले. मालकाच्या मनगटावर तेच. माझ्या कमरेला तेच.

सगळ्यांना दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टरीण म्हणाली, "बारीक किडा कातडीत बीळ करतो. अंगाला अंग लागून, एका चादरीत झोपून पसरतो. खाज सुटायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून आधी खाजवणाऱ्यानंच आणली असं नसतं. सगळ्यांनी एकदमच मानेपासून पायापर्यंत मलम लावा, कपडे गरम पाण्यात धुवा."

परत आल्यावर बाबल्या म्हणाला, "माझ्या पाठीक कोण लावतलो?"

कोणी हलेना. मी भिकाजीच्या हातात ट्यूब कोंबली. "ज्या हातान मारलंस, त्याच हातान लाव."

लावलं. तोंड मात्र राक्षसाचंच.

तुमच्या घरात कोणी खाजवताना दिसला, तर आधी कोणाची बोटं बघाल?