बाही जोडायला लागतो तेवढा वेळ

माझी ताई कपडे शिवते आणि बोलताना अडखळते. शिवण तिने शिकून घेतली, अडखळणं आपलं आपण आलं. शाळेत ‘हजर’ म्हणेपर्यंत पुढची दोन नावं होऊन जायची, म्हणून ती नुसता हात वर करायची. पुढे दुकान टाकलं, तेही बोलावं लागू नये अशा बेताने. माप घ्यायचं, वहीत लिहायचं, कपडे कधी मिळतील ती तारीख कॅलेंडरवर बोटाने दाखवायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई भारी शिष्ट!

सेहेचाळिसाव्या वर्षी तिला काय सुचलं कोण जाणे. मशीनसमोर मोबाइल उभा केला आणि फ्रॉक कसा शिवायचा ते बोलून दाखवलं. मोबाइल मध्येच तोंड घालत नाही, आपलं वाक्य स्वतः पुरं करत नाही. बाईसाहेब एकदम खूश! दर आठवड्याला एक धडा इंटरनेटवर, आणि तो बघून शिकणाऱ्या बायकाही जमल्या. घरी जेवतानाही बोलायला लागली. खोटं कशाला सांगू, मला रडूच यायचं.

मग एक व्हिडिओ कुठे तरी पसरला आणि टोळधाड आली. ‘काकू, रेंज गेली का?’ ‘हिचं वाक्य संपेपर्यंत पोरीला फ्रॉक तोकडा होईल.’ एकाने तर तिच्या अडखळण्याला चाल लावून गाणं केलं. साधं बटण लावता येत नसेल मेल्याला! माझं डोकं असं फिरलं की मी एकेकाला उत्तरं द्यायला बसले. कोणत्या शब्दांत, ते विचारू नका. त्याने आगीत तेल ओतलं गेलं, एवढंच. ताई दुकानात परत बोटाने तारखा दाखवायला लागली. जेवतानाही गप्प. आता हिचं बोलणं बंद झालं तर कायमचंच, हे मला दिसत होतं.

तेव्हा मी शहाणपणा केला. व्हिडिओची काटछाट माझ्याकडेच होती, म्हणून आधीच करून ठेवलेल्या पुढच्या धड्यातलं तिचं अडखळणं वेचून वेचून कापलं. बोलणं कसं लोण्यासारखं! ताईने ते पाहिलं आणि उठून गेली. मी तो धडा इंटरनेटवर टाकलाच.

चार दिवसांनी शिकणाऱ्या बायकांचे फोटो आले. उजवी बाही डावीकडे, डावी उजवीकडे. एक-दोन नाही, अकरा फ्रॉक! ‘मॅडम, मुलीने हात पुढे केला की काखेत ओढतंय,’ एकीने लिहिलं. मी मूळ व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. ताईचा शब्द अडतो, पण हात अडत नाहीत. तो शब्द सुटेपर्यंत ती बाही फिरवून बघते, जास्त खोल कापलेली बाजू शोधते, ती फ्रॉकच्या पुढच्या भागाला लावते. नेमकं तेवढंच मी उडवलं होतं.

‘ताई, चुकलं माझं,’ मी म्हटलं.

‘तु... तुला माझी लाज वाटली.’

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

‘मला पण वा... वाटायची,’ ती म्हणाली. ‘आता बास झालं.’

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बाकावर गिऱ्हाइकं बसलेली असताना, तिने तोच धडा लाइव्ह सुरू केला. आता कापाकापीचा प्रश्नच नव्हता. पाच मिनिटांत टोळधाडीतली मंडळी हजर झाली. एकाने लिहिलं, ‘बोलता येत नाही तर बोलतेस कशाला?’

ताईने मशीन थांबवलं, चष्मा सारखा केला आणि ते वाक्य मोठ्याने वाचायला घेतलं. पहिल्याच अक्षरावर अडली. शब्द पुरवायला मी पुढे झाले, तर तिने माझ्यावरच डोळे वटारले. बाकावर कोणी हललं नाही. बराच वेळ लागला, पण तिने शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं वाचलं. मग मोबाइलकडे सरळ बघून म्हणाली,

‘मला बो... बो... बोलायचं असतं, म्हणून.’