तिच्या हातांतल्या मुंग्या

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. मुलापाशीही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीटसं ठाऊक नाही.

खडकीला कारखान्यात मी जन्मभर वायरमन होतो. विश्रांतवाडीतल्या आमच्या घराचं वायरिंगही मीच केलं, आणि येईल त्याला मिरवून दाखवलं. सुनंदा, माझी बायको, घरबसल्या मराठी टायपिंगची कामं घ्यायची. हात असा चालायचा की बघत राहावं! कॉम्प्युटर होता देव्हाऱ्याच्या खोलीत. तिथे ती कधी चप्पल घालत नसे.

एक दिवस म्हणाली, "अहो, कॉम्प्युटरच्या डब्याला हात लागला की मुंग्या येतात."

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी डब्याला टेस्टर लावला. पेटला — डब्यात करंट उतरत होता. त्या खोलीत अर्थिंगची वायर मी ओढलीच नव्हती — सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेला! कंटाळा केला होता, दुसरं काय?

तेव्हाच सांगून टाकायचं ना? पण मी वायरमन पडलो — माझी चूक कशी निघेल? रबरी स्लिपर घालून तस्सा देवासमोर उभा राहिलो, तिच्यादेखत डब्यावर पंजा ठेवला. म्हणालो, "मला बरं काही होत नाही? तुझ्या मनाचे खेळ आहेत सगळे."

तिला ते पटलं. माझं सगळंच पटायचं तिला.

पुढे पुढे की-बोर्डपाशी बसतानाच तिचे हात थरथरायला लागले. चुका व्हायला लागल्या, कामं सुटली. डॉक्टरांकडे मीच नेलं. नसांचा त्रास असेल, म्हणाले, आणि गोळ्या सुरू झाल्या. मी शेजारच्याच खुर्चीत होतो. लाज नाही वाटली? वाटली हो. पण तोंड उघडेना.

मग ती आठ दिवस मांजरी गावात बहिणीकडे गेली, तेव्हा गुपचूप अर्थिंगची हिरवी वायर ओढली. भिंतीवरची नवी पट्टी बघून तिनं विचारलं, तर म्हणालो, इंटरनेटची आहे. तिनं भीतभीत डब्याला बोट लावलं. काही झालं नाही. "गोळ्या लागू पडल्या हो," म्हणाली, आणि देवापुढे साखर ठेवली.

टायपिंग तिनं पुन्हा केलं नाही. नको, परत सुरू व्हायचं, म्हणते. अजून फ्रिजलासुद्धा आधी बोटाची मागची बाजू लावून बघते. परवा सुनेला सांगत होती, "माझ्या हातांचं काही खरं नाही गं. यांना विचार." सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

आज सकाळीही तिनं गोळी घेतली. पाणी मीच दिलं.